चेंडूची फिरकी आणि मुलांची पाठ

टेनिसच्या शिक्षणात एक समजूत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. विद्यार्थ्याने प्रथम जोरकस व सरळ सर्व्हिस शिकावी. चेंडूस फिरकी देण्याची विद्या अंगात बळ आल्यावर द्यावी. बंगळूरच्या कब्बन उद्यानात कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेची कोर्टे आहेत. कर्नाटकाच्याच रोहन बोपण्णाने २०२४ साली, वयाच्या ४३ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पुरुष दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले. अशा नगरीत तरी ही समजूत शास्त्राच्या कसोटीवर पारखून घेतली पाहिजे.

प्रथम भूमिती पाहावी. जाळी मध्यभागी ०.९१४ मीटर उंच असते. खेळाडू तिच्यापासून ११.८८५ मीटरांवर उभा राहतो आणि चेंडू पलीकडे ६.४० मीटरांच्या आत पडावा लागतो. चेंडू सरळ रेषेत गेला असता, तर आघात २.६ मीटरांहून उंचावर व्हावा लागला असता. दीड मीटर उंचीच्या मुलाचा आघात सुमारे सव्वादोन मीटरांवर होतो. म्हणजे त्याच्या चेंडूची वाट वाकलीच पाहिजे. गुरुत्वाकर्षण ती वाकविते, परंतु त्यास अवधी लागतो. म्हणून मूल चेंडू हळू मारते, अथवा जोराने मारून चुकते. दोष मुलाचा नव्हे, शिकवणुकीचा होय.

फिरकी ही अडचण दूर करते. चेंडूचा माथा पुढे फिरू लागला की मागची हवा वर लोटली जाते व चेंडू खाली दाबला जातो. हाइनरिख मॅग्नस याने १८५२ साली फिरत्या वस्तूंवरील या बलाचा अभ्यास केला, आणि लॉर्ड रॅले याने १८७७ साली टेनिसच्या चेंडूच्या वक्र गतीवर निबंध लिहिला.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या मानाने सुमारे एक-दशांशाने विरळ असल्यामुळे चेंडूस रोध कमी होतो आणि फिरकीचा दाबही घटतो. उंच स्थळांसाठी असलेले निराळे चेंडू नियमानुसार १,२१९ मीटरांच्या वरच वापरले जातात. तेव्हा ही उणीव रॅकेटनेच भरून काढावयाची आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उसळत्या फिरकीसाठी चेंडू डोक्यामागे उडवून पाठ कमानीसारखी वाकविली जाते, आणि वाढत्या वयात कमरेच्या मणक्यांवर ताण येतो. तरुण टेनिसपटूंच्या मणक्यांस सूक्ष्म तडे जाण्याचा विकार वैद्यकास परिचित आहे. परंतु यावरून फिरकीच वर्ज्य ठरत नाही. तिचा क्रम मात्र ठरतो. रॅकेट हातोडीसारखी धरून, चेंडू पुढे उडवून, त्यास बाजूने घासत मारण्याची फिरकी आधी शिकवावी. तीत पाठ फारशी वाकत नाही. उसळती फिरकी नंतर, आणि तीही मोजक्या आवृत्तींनी.

प्रशिक्षकाने या क्रमाबरोबर त्यामागील कारणही सांगावे. चेंडू का वळतो हे ज्यास कळले, तो विद्यार्थी चुकलेल्या सर्व्हिसवर अधिक जोराचा उपाय करीत बसणार नाही.