एकाच घरात दोन बिऱ्हाडे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टिमची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांनी नावनोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत मिळेल, एवढाच काय तो दिलासा. तेव्हापासून ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : कॉम्प्युटर तर चांगला चालतोय, मग तो भंगारात द्यायचा की काय?

'विंडोज ११'च्या अटी कडक आहेत. प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा हवा आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोयही हवी. थोरल्याच्या बारावीच्या वेळी, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर या अटींत बसत नाही. त्याचा पडदा ठीक असतो, की-बोर्ड ठीक असतो, फक्त तो आता हळू चालतो आणि त्याला नवी सुरक्षा मिळत नाही. नवा घ्यायचा म्हणजे घरच्या अंदाजपत्रकाला मोठे भगदाड.

यावर एक मधला मार्ग आहे. जुनी विंडोज जागच्या जागी राहू द्यायची आणि त्याच कॉम्प्युटरवर तिच्या शेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची. बटण दाबले की पडद्यावर यादी येते : आज कोणत्या घरात जायचे? बाणाने निवडावे आणि एंटर दाबावे. एका वेळी एकच सिस्टिम चालते, त्यामुळे दोघींचा भार कॉम्प्युटरवर एकदम पडत नाही.

ही दुसरी सिस्टिम म्हणजे बहुतेक वेळा लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. ती फुकट मिळते. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही, कारण अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा असतो. म्हणजे 'ते लिनक्स-बिनक्स आपल्याला नाही जमायचे' असे म्हणणाऱ्याच्या खिशातही बहुधा तेच असते. केरळमधील सरकारी शाळांतली मुले तर कित्येक वर्षे लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकत आली आहेत. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्स आवृत्ती काढली आहे. तरी नवख्या कुटुंबाला मी 'लिनक्स मिंट' सुचवीन, आणि कॉम्प्युटर जुना असेल तर तिची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती. खालचा पट्टा, डाव्या कोपऱ्यातले बटण, फोल्डर, सगळे विंडोजसारखेच दिसते. घरातल्या आजोबांना वेगळे शिकवावे लागत नाही.

आधी नाडी पाहा

विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडावे. तिथे रॅम किती आणि प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा, हे लिहिलेले असते. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, पण सुखाने काम करायचे तर ४ जीबी हवी. मिंटच्या आताच्या मुख्य आवृत्त्या फक्त ६४ बिटवर चालतात. डिस्कवर किमान २० जीबी जागा मागितली असली तरी ५०-६० जीबी मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे कुचंबणा होत नाही.

इथे एक स्पष्ट सांगते. कॉम्प्युटर सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेत असेल, तर दोष बहुधा आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी साधी एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमने पडत नाही. खर्च करण्याची थोडी तयारी असेल तर तो आधी इथे करावा.

मिंटची सर्वांत चांगली गोष्ट ही, की ती न बसवता चालवून पाहता येते. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून घ्यावी आणि 'रुफस' किंवा 'एचर' या फुकट प्रोग्रॅमने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. नेहमीसारखे कॉपी-पेस्ट करून चालत नाही, त्याने पेनड्राइव्ह सुरूच होत नाही. पेनड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसले जाते, हेही ध्यानात असू द्या. मग कॉम्प्युटर बंद करून पेनड्राइव्ह लावावा आणि सुरू करताक्षणी एफ १२, एफ ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडावा. दोन-तीन मिनिटांत मिंट समोर येते. डिस्कला अजून हातही लागलेला नसतो.

या अवस्थेत निदान एक संध्याकाळ घालवावी. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर कागद ओढतो का, ते पाहावे. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात. पेनड्राइव्हवरून काम थोडे सावकाश होते, त्यावरून वेगाचा निकाल लावू नये.

फोटो आधी, बाकी नंतर

आता जोखमीचा भाग. कॉम्प्युटरच्या डिस्कवर काय असते याचा आपण एरवी विचार करत नाही. बारशाचे, मुंजीचे, लग्नाचे फोटो असतात, गेलेल्या माणसांचे आवाज असतात, घराच्या कराराची स्कॅन केलेली प्रत असते. दुसरी सिस्टिम बसवायची म्हणजे याच डिस्कच्या मधोमध एक भिंत घालायची. भिंत घालताना सहसा काही बिघडत नाही. पण 'सहसा' या शब्दावर मुलांचे बालपण टांगून ठेवू नये. बाहेरची हार्ड डिस्क आणून सगळ्याची एक प्रत काढावी, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी आणि मगच पुढे जावे. डी ड्राइव्हमध्ये काढलेली प्रत ही प्रत नव्हे. डिस्क एकच असते.

दुसरे, विंडोजने डिस्कला कुलूप घातले आहे का ते पाहावे. बऱ्याच लॅपटॉपवर 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मालकाच्या नकळत सुरू असते. तसे असेल तर ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून घ्यावी आणि मग ते कुलूप बंद करावे. ही किल्ली हाताशी नसेल तर सुरू होतानाच्या सेटिंग्ज बदलल्यावर कॉम्प्युटर मालकालाच दारात उभे करतो.

तिसरे, 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. ही सोय चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून त्या भागातल्या फाइली वाचता आल्या तरी बदलता येत नाहीत.

भिंत विंडोजकडूनच घालून घ्यावी. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये सी किंवा डी ड्राइव्हवर उजवे क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडावे आणि ५०-६० जीबी मोकळी करून तशीच रिकामी सोडावी. तिला नाव नको, फॉरमॅट नको. या वेळी वीज जाता कामा नये. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असावा, टेबलावरच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर किंवा यूपीएस असावा. भारनियमनाच्या दिवशी हे काम मुळीच काढू नये.

मग पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून 'इन्स्टॉल'वर क्लिक करावे. भाषा, की-बोर्ड, गाव हे प्रश्न सोपे असतात. एक पडदा मात्र थांबून, चष्मा लावून वाचावा. त्यावर एक पर्याय असतो 'विंडोजच्या शेजारी बसवा' अशा अर्थाचा, आणि दुसरा 'इरेज डिस्क', म्हणजे सगळे पुसून टाका. दोन्ही एकाखाली एक असतात आणि दिसायला सारखेच. शेजारी बसवण्याचा पर्याय दिसतच नसेल तर पुढे जाऊ नये. विंडोज बसवलेली आहे हे मिंटला ओळखता आलेले नसते. तिथून माघार घेऊन जाणकाराला विचारावे. पुसलेली डिस्क 'बॅक' दाबून परत येत नाही.

मराठीचे काय?

नवे मराठी लिहिण्यात अडचण नाही. की-बोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की सरकारमान्य इन्स्क्रिप्ट मांडणीही मिळते आणि उच्चाराप्रमाणे टंकायची मांडणीही. युनिकोडमधले सगळे मजकूर तसेच्या तसे दिसतात. सोबत येणाऱ्या 'लिब्रे ऑफिस'मध्ये वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतात, फक्त गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधी कधी हलते.

अडचण आहे ती जुन्या मराठीची. आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटमध्ये काम झाले. सोसायटीची इतिवृत्ते, मंडळाच्या स्मरणिका, वडिलांनी टंकून ठेवलेल्या आठवणी, सारे त्यातच. या फाइली तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, पण घाबरून कोणी ती पुसून टाकतो. अशी कागदपत्रे घरात असतील तर विंडोज ठेवायला एवढे एक कारणही पुरे आहे. सवड काढून ती विंडोजमध्ये उघडावी, पीडीएफ करावी, आणि जमतील तेवढी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी.

टॅलीचे हिशेब आणि सही करायची डिजिटल किल्ली लागणारी काही सरकारी कामे, हीसुद्धा विंडोजकडेच राहू द्यावीत. मात्र वाटणी करताना एक पथ्य पाळावे. बँक, ई-मेल, खरेदी, म्हणजे इंटरनेटवरची रोजची कामे लिनक्समध्ये करायची, कारण तिला सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत राहते. देखभाल थांबलेली विंडोज एरवी इंटरनेटशिवायच चालवायची, आणि एखाद्या सरकारी कामासाठी जोडावीच लागली तर काम होताच तोडायची. बरेच जण उलट करतात. सवयीच्या विंडोजमध्ये पैशांचे व्यवहार आणि नव्या लिनक्समध्ये पत्त्यांचे खेळ. मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

फोटो आणि गाणी डी ड्राइव्हमध्ये ठेवावीत. लिनक्सला विंडोजचे भाग वाचता येतात, विंडोजला मात्र लिनक्सचा भाग आपण होऊन दिसत नाही. विंडोज कधी 'हा भाग फॉरमॅट करू का?' असे विचारते. उत्तर नाही.

आणखी एक गंमत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळात विंडोज भारताची वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक वेळ, आणि दोघींतला फरक नेमका साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की भांडण मिटते.

भांडणे तेवढीच होत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभर अनेकांच्या अशा जोडकॉम्प्युटरवर लिनक्स सुरूच होईना. फाइली जागेवर होत्या, फक्त दार बंद झाले होते. म्हणून मिंटचा पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला लावू नये, कपाटात ठेवावा. दार अडले तर त्यावरूनच आत जाऊन फाइली काढून घेता येतात.

आणि चार महिन्यांनी वाटले की नको हे दुसरे बिऱ्हाड, तर? लिनक्सचा भाग लगेच पुसायला धावू नये. २०१२ च्या आधीच्या बऱ्याच कॉम्प्युटरवर सुरुवातीची यादी दाखवणारा 'ग्रब' हा प्रोग्रॅम त्याच भागातून आपले बाकीचे सामान घेत असतो. तो भाग गेला की विंडोज शाबूत असूनही सुरू होत नाही आणि काळ्या पडद्यावर ग्रबचा संदेश येतो. अशा कॉम्प्युटरवर आधी विंडोजच्या दुरुस्ती-डिस्कने तिचे स्वतःचे दार पूर्ववत करून घ्यावे. नंतरच्या कॉम्प्युटरवर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणले, विंडोज सरळ सुरू होते हे दोनदा पाहिले, की मग तो भाग काढून टाकायला हरकत नाही.