चार बोटं प्ले

आत्याच्या फियाटचं स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलायची नाहीत. चार बोटं ही बोलायची रीत नव्हे, चाकाच्या कडेवर हात आडवा ठेवून मोजलेलं माप आहे. मेकॅनिक याला ‘प्ले’ म्हणतात. आत्या म्हणायची, “तिला आधी सांगावं लागतं, मग ती वळते.”

गाडी 1982 ची प्रीमियर पद्मिनी. म्हणजे आरसी बुकात. आमच्या घरात तिला पद्मिनी म्हणणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मूळची इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडू लागली आणि 1974 पासून पद्मिनी झाली. नाव बदललं, लोकांनी बदललं नाही. सासरचं नाव कागदावर आणि हाक माहेरच्याच नावानं, असं तिचं शेवटपर्यंत राहिलं. आत्या तेव्हा बँकेत होती. बुकिंग करून नंबर लागायची वाट पाहून, तिने ती स्वतःच्या पगारातून घेतली.

गेली आठ वर्षं गाडी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कव्हरखाली उभी होती. इंजिन आणि ब्रेक मी रीतसर गॅरेजमधून करून घेतले. पण “स्टिअरिंग आणि आतलं सगळं मी घरीच करणार” असं एकदा जेवताना बोलून गेलो. बायकोने फक्त वाटी पुढे सरकवली. आत्या म्हणाली, “कर की. पण उरलेले नट मला दाखव.”

ज्यांनी फियाट चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिचा गिअर जमिनीतून येत नाही, स्टिअरिंगच्या दांड्यावरून, म्हणजे कॉलमवरून बाजूला निघतो. जमिनीवरच्या गिअरचा एच आडवा झोपलेला असतो, हिचा उभा. त्यामुळे पुढची जमीन मोकळी राहते आणि अखंड बाकासारख्या सीटवर तिसरा माणूस बसतो. आमच्याकडे तिसरा मी असायचो, आणि आत्याने गिअर टाकला की तिचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं.

या सोयीची किंमत वेगळी मोजावी लागते. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या, आर्म आणि बुश यांची लांबलचक साखळी असते. एकेका सांध्यात केसभर झीज झाली की शेवटी गिअर दोन घरांच्या मध्ये अडकतो. धड हा नाही, धड तो नाही. मग खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि हाताने ते आर्म सारखे करायचे. लक्ष्मी रोडवर ऐन गर्दीत, पदर कमरेला खोचून आत्याने हे केलेलं मी पाहिलंय. मागचे हॉर्न वाजवत होते. तिने वळूनही पाहिलं नाही. हात पुसायला डिकीत एक जुनं धोतर असायचं, त्याने हात पुसले आणि निघालो.

तर, काम. आधी बॅटरीची तार काढायची. मग स्टिअरिंगचं मधलं हॉर्नचं बटण, त्याखालचा मोठा नट. नट काढण्याआधी चाक आणि शाफ्ट या दोन्हींवर पंचने एकेक खूण करायची, म्हणजे परत बसवताना दात जुळतात. ही खूण मी केली. दुसरी एक गोष्ट मात्र माहीत असून केली नाही: नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे ठेवायचे. चाळीस वर्षं शाफ्टला चिकटून बसलेलं चाक पुलर लावूनही हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम सुटतं. माझं सुटलं ते थेट हनुवटीवर. आत्या गॅलरीतून म्हणाली, “नट ठेवायचा असतो.” हे तिने आधी का सांगितलं नाही, असं विचारायची ती वेळ नव्हती.

कॉलम उघडल्यावर एक गोष्ट नजरेत भरली आणि अजून मनातून जात नाही. चाकापासून पुढच्या बॉक्सपर्यंत एक सरळ, लांब, ठणठणीत लोखंडी दांडा. समोरून जोरात धडक बसली तर तो मागे कुठे येणार, हे सांगायला इंजिनिअर नको. अमेरिकेत दांडा चालकाच्या छातीत येऊ नये यासाठीचे नियम 1968 साली लागू झाले. आपण पुढेही बरीच वर्षं हा भाला छातीसमोर धरून महाबळेश्वरला जात होतो, तेही पट्टा न बांधता. जुन्या गाड्यांचा ‘पत्रा कसला जाड होता’ असं कौतुक करणाऱ्यांनी एकदा हा दांडा बघावा.

आता ती चार बोटं. दांड्याच्या खालच्या टोकाला स्टिअरिंग बॉक्समध्ये वर्म असतो, जाड स्क्रूसारखे आटे असलेला. तो फिरला की त्याला भिडलेला भाग ड्रॉप आर्म हलवतो, आर्म पुढे टाय रॉडना ओढतो. टाय रॉडचे एन्ड नवे घातले, एक बोट कमी झालं. कॉलमच्या वरच्या टोकाचा बुश खलास झाला होता, तो बदलल्यावर चाकाचा वर-खाली खडखडाट गेला. उरलेला सगळा प्ले बॉक्सच्या आत. झाकणावर एक स्क्रू असतो, वर लॉकनट. स्क्रू आवळला की आतलं अंतर कमी होतं. मी आवळला. मधे प्ले नाहीसा झाला. खूश होऊन चाक पूर्ण उजवीकडे फिरवायला गेलो, तर ते अर्ध्यातच जड झालं. डावीकडेही तेच.

याचं कारण कळायला मला एक रात्र लागली. वर्म सगळीकडे सारखा झिजत नाही. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते. वळणं किती? दिवसाला पाच-पन्नास. त्यामुळे वर्मचा नेमका मधला भाग झिजून खोल जातो आणि दोन्ही टोकं जवळजवळ नव्यासारखी राहतात. मधल्या झिजेला पुरेल इतका स्क्रू आवळला की न झिजलेली टोकं घट्ट धरतात. म्हणजे तो बॉक्स ही आत्याची डायरीच होती: कोथरूड ते कॅम्पातली बँक, बँक ते कोथरूड, वर्षानुवर्षं नाकासमोर. उजव्या-डाव्या टोकाला तिचं फारसं जाणं झालेलं नव्हतं.

नवा वर्म घालणं हा खरा उपाय. तो मिळेना. जुन्या बाजारात दोन रविवार आणि एक बुधवार घालवला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फोन करून झाले. मिळाले ते माझ्याइतकेच झिजलेले. या गाडीचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले ते हौशी लोकांमुळे नव्हे, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. रोज दीडशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला बुश लागतात, म्हणून कुणीतरी ते बनवतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. माझ्यासारख्यांना त्याचा अर्थ एवढाच की गिअर लिंकेजचा बुश आता शोधून काढावा लागणार.

शेवटी लेथवाल्या काकांकडे नायलॉनचा रॉड घेऊन गेलो. जुने बुश त्यांनी हातात फिरवले, व्हर्नियर लावला, आणि विचारलं, “झिजलेलं माप देऊ का मूळ?” हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून मी त्यांचा भक्त झालो. कारण झिजलेल्या बुशवरून बुश केला तर तो पहिल्या दिवसापासून झिजलेला निघतो. एका वेळी सहा करून घेतले. बॉक्सचा स्क्रू मी टोकाला चाक अडणार नाही इतपतच ठेवला, गॅरेजवाल्याकडून तपासून घेतला. मधे एक बोट प्ले राहिला. तो राहू दे म्हणाला, मीही राहू दिला.

स्टिअरिंगचं चाक बारीक कड्याचं, मोठ्या घेराचं. पॉवर स्टिअरिंग नाही म्हणून घेर मोठा, तेवढी तरफ जास्त. आतली सळई लोखंडी, वरचं आवरण कडक प्लॅस्टिकचं. उन्हाने प्लॅस्टिक आक्रसतं, सळई आक्रसत नाही, मग आरे जिथे कड्याला मिळतात तिथे भेगा. भेग नुसती बुजवून चालत नाही. आधी ती ब्लेडच्या करवतीने व्ही आकारात रुंद करायची, सळई दिसेपर्यंत. मग एम-सील मळून दाबून भरायचं, ओल्या बोटाने गुळगुळीत करायचं आणि रात्रभर विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 240, मग 400 पाण्यात भिजवून. डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठा फिरवला की कळतं अजून उंचवटा आहे. डोळे मिटून घासलं की काम चांगलं होतं, हे मला तिसऱ्या भेगेला कळलं.

आतल्या कामाबद्दल फार कौतुक सांगण्यासारखं नाही. छताचं लायनिंग मी हात न लावता कुशनवाल्या मामांना दिलं. ते ज्याचं काम त्यानेच करावं. मागची सीट उचलताना वाटलं होतं, काहीतरी हळवं सापडेल. सापडलं ते असं: शेंगांची टरफलं, चार आणे, आत्याचे अकरा आकडे आणि एक मेलेली पाल.

सीटच्या आत तळाला स्प्रिंगा, वर गोणपाट, त्यावर काथ्या, मग कापूस आणि रेग्झिन. ड्रायव्हरच्या बाजूच्या स्प्रिंगा दोन इंच खाली गेलेल्या. मामांना माझं म्हणणं पटत नव्हतं. त्यांना डायमंड शिलाई करायची होती, लाल दोऱ्याची, खाली जाड फोम. “साहेब, शोरूमसारखी दिसेल.” मी म्हटलं, मला तिकीट काढून बसल्यासारखं नकोय, सरळ उभ्या पट्ट्या आणि कडेला गोट, बस्स. वाद आठवडाभर चालला. शेवटी त्यांनी पट्ट्या शिवल्या, पण गोट इतका सुरेख घातला की मी लाजलो. रेग्झिन आहे, तेव्हा मे महिन्यात चटका बसणारच. त्यासाठी टर्किश टॉवेल आहे, पूर्वीही होता.

दारांचे पॅड मात्र मीच कापले. जुने हार्डबोर्ड खालून पाव-बटरसारखे फुगले होते. मला वाटायचं काचेच्या रबरातून पाणी येतं ही बिघाडाची गोष्ट. तसं नाही. काचेवरून पाणी दारात उतरणार हे धरूनच दार केलेलं असतं. ते खालच्या भोकांतून वाहून जायला हवं. ती भोकं चिखलाने बुजली होती आणि पॅडच्या मागचा प्लॅस्टिकचा कागद कुणीतरी कधीतरी फाडून फेकला होता. एक सळई घालून भोकं मोकळी केली, तर दारातून काळं पाणी निघालं. किती पावसाळ्यांचं कोण जाणे.

मग जुळवणी. पंचने केलेली खूण मी स्वतःच रंगाखाली झाकली होती. चाक एक दात चुकलं, गाडी सरळ आणि आरे तिरके. परत काढलं, या वेळी नट ठेवून. हॉर्नच्या तारेखालचा फायबरचा वॉशर बसवायला विसरलो, तेव्हा चाक डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजू लागला. वेळ रविवार दुपारी सव्वादोन. पुण्यात. सेक्रेटरी बनियनवर खाली आले, यावरून काय ते ओळखा.

सगळ्यांत छळलं ते इंडिकेटरच्या दांडीने. वळण घेऊन चाक सरळ झालं की दांडी आपोआप परत यायला हवी. त्यासाठी शाफ्टवरचा उंचवटा आतल्या एका जिभलीला ढकलतो, आणि तिला जागेवर ठेवणारी नखाएवढी स्प्रिंग तुटली होती. बॉलपेनची घातली, ती लुळी पडली. सायकलवाल्याकडची घातली, तिने दांडीच परत फेकली. लेथवाल्या काकांनी शेवटी तार वळून करून दिली. दोन रविवार गेले, पण “टक्” असा आवाज करून दांडी मधे आली, तेव्हा मी ती उगीचच वीस वेळा करून पाहिली.

आत्याचं लायसन्स संपलंय, म्हणून तिला गाडी सोसायटीच्या आतच दिली. ती बसली आणि म्हणाली, “उंच वाटतंय.” दोन इंच वर आलेली सीट तिला पहिल्या क्षणी कळली. गिअर लोण्यासारखा पडला, त्यावर ती काही बोलली नाही. निघालो, आणि गाडी साप चालावा तशी डावी-उजवी करू लागली. आधी मला बॉक्सची भीती वाटली. मग तिच्या हातांकडे पाहिलं. ते हात सवयीने सारखे थोडे इकडे, थोडे तिकडे करत होते, चार बोटं भरून काढत होते. आता गाडी लगेच ऐकत होती.

“आत्या, हात स्थिर ठेव,” मी म्हटलं.

“स्थिरच आहेत.”

बी विंगच्या कोपऱ्यापर्यंत गाडी बऱ्यापैकी सरळ आली. तिथे उजवीकडे वळायचं होतं. इंडिकेटरच्या दांडीकडे तिने पाहिलंही नाही. काच खाली होतीच. आत्याने उजवा हात बाहेर काढला, लांब करून दाखवला, आणि वळली.