शाळा वाचवा, पण मुलांना वाचता येते का तेही पाहा

राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा असल्याचे शासनाच्या आकडेवारीतून २०२३ मध्ये समोर आले. तिथे १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुले शिकतात. ही मुले कोणाची? वाड्या, तांडे, पाडे आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधली. ज्यांना परवडते त्यांनी पिवळ्या बसने मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडली. मागे उरली ती भूमिहीनांची, ऊसतोड मजुरांची, आपल्याच वस्त्यांमधली मुले.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने अशा शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवली गेली. पुढच्या वर्षी कमी पटाच्या शाळेतील दोनपैकी एक शिक्षक १५ हजार रुपये मानधनावर कंत्राटी नेमण्याचा निर्णय आला. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. विरोध रास्तच होता. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी आणि ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. शाळा लांब गेली की आधी मुलींचे नाव कमी होते, हे वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

मात्र या सगळ्या वादात दोन्ही बाजू पटच मोजत राहिल्या. शासन म्हणते, पट कमी, खर्च जास्त. संघटना म्हणतात, पदे वाचली पाहिजेत. चौथीतल्या मुलाला धडा वाचता येतो का, हा प्रश्न दोघांच्याही निवेदनात शेवटी येतो किंवा येतच नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी विचारला होता. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या परिषदेला जेमतेम आठवडा उरला असताना, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचाच अहवाल पुढे केला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत पाऊल ठेवलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. आज मुले चौथीपर्यंत पोहोचतात, कारण नाव पटावर राहते. पण ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या १०० मुलांपैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तेव्हाची गळती शाळेच्या दारातून होत होती, आजची वर्गात बसल्या जागी होते.

छोट्या शाळेत हे का घडते? पहिले कारण बहुवर्ग अध्यापन. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. पहिलीला अक्षरओळख चालू असताना दुसरी-तिसरीने फळ्यावरचे उतरवून घ्यायचे, असा दिवस जातो. पाठ्यपुस्तके आणि वार्षिक नियोजन मात्र एक वर्ग, एक शिक्षक असे गृहीत धरून बनलेले असते. दुसरे कारण कामांचा बोजा. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, फोटो, बैठका, मतदार यादी. मोठ्या शाळेत एक शिक्षक बैठकीला गेला तर एक वर्ग अडतो. इथे अर्धी शाळा अडते. कायद्याने प्राथमिक वर्गांना वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवे आहे. हजेरीपटावर ते भरतात. प्रत्यक्षात मुलाच्या वाट्याला किती तास येतात, हे कोणी मोजत नाही. तिसरे कारण स्थलांतर. दिवाळीनंतर फडावर गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि तेही वरच्या इयत्तेत ढकलले जाते.

म्हणजे छोटी शाळा मुळातच निकामी असते का? आम्हाला तसे वाटत नाही. १५ मुलांच्या शाळेत प्रत्येक मूल कुठे अडले आहे, हे गुरुजी किंवा बाईंना तोंडपाठ असू शकते. इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढे येते त्यानुसार गट करून रोज तासभर वाचन आणि गणित घेणे इथे सोपे असते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले शिकती करून दाखवली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. शाळा त्याच होत्या, शिक्षकही सरकारीच होते. बदलले ते वर्गातले काम आणि त्याला मिळालेली अधिकाऱ्यांची साथ.

म्हणून आमच्या मागण्या दोन्ही दिशांना आहेत. शासनाने वस्तीवरची शाळा बंद करू नये, दोन्ही शिक्षक कायम द्यावेत, त्यांना बहुवर्ग अध्यापनाचे खरे प्रशिक्षण द्यावे आणि अशैक्षणिक कामे काढून घ्यावीत. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून अन्य कामांना शिक्षक जुंपू नयेत, असे कायद्याचे कलम २७ सांगते. शिक्षक संघटनांनी पदांसोबत मुलांच्या वाचनाचीही जबाबदारी घ्यावी. आणि शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या माणसांनी, स्वतःची मुले त्या शाळेत नसली तरी, तिच्याकडे पाठ फिरवू नये.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा असतात. बहुतेक गावांत ही समिती फक्त सहीपुरती उरली आहे. पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि कुंपणाच्या विषयाआधी एकच विषय घ्या: दुसरीच्या पुढचे प्रत्येक मूल एक परिच्छेद वाचून दाखवेल. ज्याला जमणार नाही, त्याचे नाव इतिवृत्तात न लिहिता फक्त संख्या लिहा आणि दर दोन महिन्यांनी ती पुन्हा तपासा. विहारात संध्याकाळी तासभर वाचनवर्ग चालवायला वस्तीत एक-दोन शिकलेली मुले-मुली नक्की सापडतील. त्यामुळे शासनाची जबाबदारी संपत नाही. उलट, हातात स्वतःची नोंद असलेली वस्ती गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर अधिक ठामपणे उभी राहू शकते.