साडेअकरा रुपये फूट



दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात आज चार माणसं बसली की एकच वाद निघतो. गावाभोवतालची वावरं शेतीच्या पट्ट्यातून काढून राहत्या वस्तीच्या पट्ट्यात टाकायची की नाही? नकाशावरचा हिरवा रंग पुसून पिवळा भरायचा की नाही?

एक पार्टी म्हणते, भरा. कापूस परवडत नाही, पोरांना शेती नको, गावाला घरं पाहिजेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे दारव्ह्यावरून जाणार, ले-आउट पाडा. दुसरी पार्टी म्हणते, काळी आई सिमेंटखाली गाडू नका. दोघांचंही काही खोटं नाही. पण दोघांच्याही खिशात सातबारा आहे. भांडण सातबारावाल्यांचं सातबारावाल्यांशी. त्या वावरात ज्यानं डवरणी केली, जिनं कापूस वेचला, त्यांना कोण विचारतं? वर म्हणायचं, "मजुराले कायले इचाराचं? त्याचं काय जाते?"

काय जातं ते सांगतो.

पहिलं जातं काम. वावर विकलं की मालकाच्या हातात पैसा पडतो. मजुराच्या हातात पडते शेवटच्या दिवसाची मजुरी, बस्स.

दुसरं जातं ते मोठं आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना 2004 पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन द्यायची. 1964 ला भूमिहीनांना घेऊन ज्या दादासाहेबांनी तुरुंग भरले, त्यांचं नाव तिला दिलं. 2018 च्या निर्णयानं सरकारनं खरेदीची मर्यादा ठरवली : जिरायत एकराला 5 लाख, बागायत एकराला 8 लाख. आता हिशेब मांडा. एका एकरात 43,560 चौरस फूट. भागा 5 लाखाला. चौरस फुटाला साडेअकरा रुपये! तालुक्याच्या कुठल्या गावाबाहेर या भावानं प्लॉट मिळतो ते दाखवा.

म्हणजे ज्या दिवशी नकाशावर पिवळा रंग येतो, त्या दिवशी दादासाहेबांच्या नावाची योजना त्या शिवारातून हद्दपार होते. कुणी आदेश काढत नाही. कुणी बंदीचा बोर्ड लावत नाही. भावच कुंपण घालतो. कधीकाळी आम्हाला गावकुसाबाहेर ढकललं, कारण ती जागा कुणाला नको होती. आता गाव फुगलं, कुसाबाहेरच सोनं पिकायला लागलं, आणि आम्ही तिथंही नको झालो!

आणि न्यायाची तागडी बघा. गुंठे पाडून बेकायदा विकलेले प्लॉट नियमात बसवायला 2001 ला गुंठेवारीचा कायदा आला. 2021 ला दुरुस्ती करून मुदतीची तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढं नेली. त्यात गरिबांचीही घरं आहेत, ती वाचली याचा आनंदच आहे. पण गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासींसाठी 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आहे, त्यातली तारीख 14 एप्रिल 1990. कित्येकांच्या नावावर अजून तुकडा नाही. प्लॉटसाठी तारीख वीस वर्षं सरकते. नांगरासाठी का सरकत नाही?

मी मुंबईत गोदीत ओझी उचलतो. दारव्ह्याकडचा कापूस शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला यायचा. त्याच मुंबईत कापसावर उभ्या राहिलेल्या गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते आठवा. 1991 च्या नियम 58 नं जमीन विकताना शहराच्या मोकळ्या जागांना वाटा होता, म्हाडाच्या घरांना वाटा होता. 2001 ला नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची! जिथं गिरणी उभी तिथं मोकळी जमीन ती किती? 2006 ला सुप्रीम कोर्टानंही तो बदल उचलून धरला. मोर्चे निघाले, भाषणं झाली, पण गिरणगाव गेलं ते नियमातल्या एका ओळीनं.

म्हणून ओळ वाचायला शिका. मी मॅट्रिक आहे, तेवढं शिक्षण पुरतं. 1966 च्या नगररचना कायद्यात लिहिलंय : विकास आराखड्याचा मसुदा निघाला की नोटीस लावायची, हरकतींना 30 दिवस द्यायचे. मंजूर आराखडा बदलायचा तरी नोटीस आणि महिनाभर मुदत. हरकत घेऊ शकते कोणतीही व्यक्ती. सातबारा दाखवा असं त्यात कुठंच नाही. वावर नसलेला मजूरही लिहू शकतो. वेचणीला जाणारी बाईही अंगठा उठवू शकते.

आम्ही घरांच्या विरोधात नाही. सगळ्यात जास्त घरं आम्हालाच पाहिजेत. पण रंग बदलायच्या आधी तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. गायरान कसणाऱ्यांच्या फायली निकाली काढा. नव्या वस्तीत भूमिहीनांच्या घरांसाठी जागा राखून ठेवा. आणि योजनेतली मर्यादा आजच्या भावाला आणा, नाहीतर दादासाहेबांचं नाव काढून घ्या.

नगर परिषदेच्या फलकावर कागद चिकटला की तो आपल्या वस्तीत मोठ्यानं वाचला गेला पाहिजे. आणि हरकतीचा पहिला अर्ज तिथूनच गेला पाहिजे.

जय भीम!