विश्लेषण : कॉलेजच्या खेळाडूचा चेहरा, कंपनीची जाहिरात; मधला हिशेब कोण पाहणार?

अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना जाहिरातीतून पैसे कमावण्याची मुभा २०२१ मध्ये मिळाली आणि त्यावर देखरेख कुणी करायची हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे अशी बंदी कधी नव्हती, त्यामुळे वादही झाला नाही. पण त्यामुळेच नियमही झाले नाहीत. ज्या शहराने देशाला मल्ल, नेमबाज आणि जलतरणपटू दिले, त्या कोल्हापुरात हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

प्रश्न नेमका कोणता?

समजा, कुस्तीत विद्यापीठाचे पदक मिळवलेला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. इन्स्टाग्रामवर त्याचे चांगले फॉलोअर्स आहेत. गावातली जिम त्याला सांगते, ‘आमच्या प्रोटीन पावडरचा डबा हातात धरून रील कर, महिन्याला दोन डबे फुकट.’ करार कागदावर नाही, मुदत ठरलेली नाही, डब्यात काय आहे हे त्याला माहीत नाही. पुढे सहा महिन्यांनी त्याचा फोटो दुसऱ्याच शहरातल्या दुकानाच्या फ्लेक्सवर झळकतो. त्याने दाद मागायची तर कुठे? कॉलेज म्हणते, हा तुझा खासगी व्यवहार. क्रीडा संघटना म्हणते, स्पर्धेबाहेरचे आम्ही पाहत नाही. पोलिस म्हणतात, हे दिवाणी प्रकरण आहे. नियामक नाही म्हणजे काय, ते या तीन उत्तरांत आहे.

कोल्हापूरला खेळाडूमागे पैसा उभा करणे नवीन आहे का?

अजिबात नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. संस्थान गेले तेव्हा आश्रयदाते बदलले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधव यांच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका प्राचार्याच्या गहाणखतावर आले, हे आपण अभिमानाने सांगतो. खरे तर त्यात लाज वाटण्यासारखेही काही आहे.

नंतर साखर कारखाने पुढे आले. वारणेची कुस्ती, कागलच्या शाहू कारखान्याच्या आणि कुडित्रेच्या कुंभी-कासारी कारखान्याच्या मानधन कुस्ती स्पर्धा जिल्ह्याला परिचित आहेत. निवड झालेल्या मल्लाला मानधन मिळते, खुराकाला हातभार लागतो. पेठांमधल्या फुटबॉल संघांच्या जर्सीवर स्थानिक प्रायोजकांची नावे असतात. म्हणजे आश्रयाची परंपरा जुनी आहे. फरक एवढाच की, आश्रयात देणारा ठरवतो आणि घेणारा आभार मानतो; करारात दोघांचेही हक्क लिहिलेले असतात. कोल्हापूर अजून पहिल्या पायरीवरच आहे.

पदक मिळाल्यावर पैसा येतोच ना?

येतो, पण उशिरा. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकला. त्यानंतर बक्षिसांच्या घोषणा झाल्या, रेल्वेने बढती दिली. पुढे बक्षिसाची रक्कम हरियाणाच्या तुलनेत कमी असल्याची नाराजी त्याच्या वडिलांनी जाहीरपणे मांडली. त्या रकमेवर भरपूर चर्चा झाली. मात्र, त्याआधीच्या वर्षांची चर्चा फारशी झाली नाही. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेल्या या मुलाला २०१३ मध्ये ‘लक्ष्य’ या पुण्याच्या संस्थेचे पाठबळ मिळाले आणि २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली. नेमबाजीत प्रत्येक गोळीला पैसे पडतात. सराव म्हणजेच खर्च.

सरकारी मदत आहे. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे, त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार, खेळाडूच्या हाती येतात. ‘टॉप्स’मधील ऑलिंपिक दर्जाच्या खेळाडूला महिन्याला ५० हजारांचा भत्ता मिळतो. पण ही निवड मोजक्यांची. विद्यापीठ पातळीवर खेळणारी बाकीची मुले-मुली १८ ते २३ या वयात घरच्यांच्या जिवावर खेळतात. नेमक्या याच वयात अनेकांचा खेळ सुटतो. म्हणून त्यांना जाहिरातीतून दोन पैसे मिळत असतील, तर नाक मुरडण्याचे कारण नाही.

अमेरिकेत काय घडले?

तिथे कॉलेजचा फुटबॉल आणि बास्केटबॉल हा अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. प्रक्षेपणाचे पैसे विद्यापीठांना, पगार प्रशिक्षकांना आणि खेळाडूला मात्र शिष्यवृत्ती, असा अनेक दशके व्यवहार होता. खेळाडूने स्वतःचे नाव वापरून पैसे घेतले तर ‘एनसीएए’ ही नियामक संघटना त्याला अपात्र ठरवत असे. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने याविरोधात कायदा केला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादेच्या खटल्यात ‘एनसीएए’विरोधात एकमताने निकाल दिला आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, छबी आणि ओळख यांतून कमावण्याची दारे उघडली.

पुढे गोंधळ झाला. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. माजी विद्यार्थी आणि धनिक चाहत्यांचे गट जाहिरातीच्या नावाखाली खेळाडू पळवू लागले. अखेर जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. आधीच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई, विद्यापीठांना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देण्याची मुभा आणि ६०० डॉलर वा त्याहून मोठ्या बाहेरच्या कराराची नोंद बंधनकारक, असे त्याचे स्वरूप आहे. नोंदी तपासायला नवा आयोगही आला.

इथल्या पालकांसाठी एक सूचना. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या खेळाडूला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. त्या व्हिसावर काम करण्यास कडक मर्यादा आहेत आणि तिथे केलेली जाहिरात ‘काम’ ठरू शकते. मित्राने केली म्हणून आपणही केली, असे केल्यास व्हिसाच धोक्यात येईल.

आपल्याकडे नियमन कोणाकडे आहे?

तुकड्या-तुकड्यांत अनेकांकडे आणि म्हणून पूर्णपणे कुणाकडेच नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करते. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, जाहिरात करणाऱ्या व्यक्तीने उत्पादनाची खातरजमा करायला हवी आणि कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करायला हवा. दिशाभूल सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आणि एक ते तीन वर्षे जाहिरातबंदी होऊ शकते. हा कायदा फक्त सिनेतारकांसाठी नाही; फुकटच्या डब्यासाठी रील करणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो लागू आहे.

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. अशा ॲपची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच महिन्यात राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात क्रीडा मंडळ आहे, न्यायाधिकरण आहे. पण त्याचा रोख महासंघांच्या कारभारावर आणि निवडणुकांवर आहे. विद्यार्थी खेळाडू आणि कंपनी यांच्यातल्या करारासाठी स्वतंत्र व्यवस्था त्यात नाही.

राहिला करार कायदा, १८७२ चा. १८ वर्षांखालील मुलाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही. अकरावी-बारावीतल्या खेळाडूच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. आणि फोटो परवानगीशिवाय वापरला तर? टोकियो ऑलिंपिकनंतर पी. व्ही. सिंधूचे अभिनंदन करण्याच्या निमित्ताने तिचा फोटो वापरून स्वतःची जाहिरात करणाऱ्या अनेक कंपन्यांना तिच्या व्यवस्थापन कंपनीने नोटिसा पाठवल्या. सिंधूकडे वकिलांची फौज असते. दसरा चौकातल्या फ्लेक्सवर ज्याचा फोटो लागला, त्या विद्यार्थ्याकडे नसते.

नोकरी लागली की प्रश्न सुटतो?

उलट वेगळा गुंता सुरू होतो. महाराष्ट्रात पदकविजेत्यांना सरकारी नोकरी मिळते. कोल्हापूरची राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाली, वीरधवल खाडे तहसीलदार झाला. पण सरकारी कर्मचाऱ्याला खासगी व्यवसाय करायला पूर्वपरवानगी लागते. मग जाहिरात हा व्यवसाय की खेळाचाच भाग? हरियाणाने २०१८ मध्ये याचे उत्तर द्यायचा प्रयत्न केला. सरकारी नोकरीतील खेळाडूंनी व्यावसायिक खेळ आणि जाहिरातींच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा राज्य क्रीडा परिषदेला द्यावा, असा आदेश काढला. खेळाडू संतापले आणि जूनमध्ये सरकारने तो स्थगित केला. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. खेळाडूंना न विचारता, आधी वाटा मागणारा नियम टिकत नाही. आधी संरक्षण द्यावे, मग शिस्त लावावी.

सर्वात मोठा धोका कोणता?

पैशांचा नव्हे, डब्याचा. तरुण खेळाडूकडे पहिली जाहिरात बहुतेक वेळा पूरक आहाराची येते. उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांत शरीरात काय सापडले त्याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची असते. ‘कंपनीने दिले म्हणून घेतले’ हा बचाव चालत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओपर्यंत पोहोचला होता. आपल्या आहारात कुणीतरी घातपात केल्याचे त्याचे म्हणणे होते. क्रीडा लवादाने ते स्वीकारले नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. ते जाहिरातीचे प्रकरण नव्हते. पण पोटात काय जाते याचा पुरावा नसणे किती महाग पडते, हे त्यातून कळते. विशीतल्या मल्लासाठी चार वर्षे म्हणजे जवळपास सगळी कारकीर्द. महिन्याला दोन डब्यांच्या बदल्यात एवढी जोखीम कुणी सांगून घ्यायला लावली, तर तो घेणार नाही. पण त्याला ती सांगतच कुणी नाही.

मग काय करायला हवे?

अमेरिकेची नक्कल नको. तिथला पैसा वेगळा, तिथला रोग वेगळा. करार कितीला करायचा हे ठरवणारा आयोग आपल्याला नको आहे. करार निदान वाचून दाखवणारी खिडकी हवी आहे. शिवाजी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने विधी विभागाला सोबत घेऊन ती सुरू करता येईल. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. तिथे चार कामे व्हावीत. मराठीतला नमुना करार मोफत मिळावा. ठरावीक रकमेवरील कराराची ऐच्छिक नोंद व्हावी. दलालाच्या कमिशनला मर्यादा सुचवावी. आणि पूरक आहार, जुगार, मद्य वा तंबाखूशी संबंधित प्रस्तावांवर स्पष्ट शब्दांत इशारा द्यावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जाहिरातीचा पैसा दिसणाऱ्या चेहऱ्यामागे जातो, गुणामागे नाही. रील चालते त्याला पैसा मिळेल आणि खो-खो किंवा भारोत्तोलन खेळणारी मुलगी रिकाम्या हाताने राहील. हे खरे आहे. म्हणूनच जाहिरात हा शिष्यवृत्तीला पर्याय नाही. विद्यापीठ, कारखाने आणि शासन यांनी ‘आता मुले स्वतः कमावतात’ म्हणून हात आखडता घेतला, तर या मोकळीकीचा फायदा दहा जणांना आणि तोटा हजारांना होईल.

सही करण्याआधी पाच प्रश्न

एक, फोटो किती काळ आणि कुठे-कुठे वापरणार? दोन, दुखापत झाली तर पैसे थांबणार का? तीन, दुसऱ्या कंपनीचे काम करायला बंदी आहे का, आणि किती दिवस? चार, वाद झाला तर कोर्ट कोल्हापूरचे की मुंबई-दिल्लीचे? पाच, कर कोण भरणार? वर्षाला २० हजार रुपयांहून अधिक किमतीची वस्तू व्यवसायापोटी मिळाली, तरी तिच्यावर दहा टक्के करकपात होते. ‘फुकट’ मिळालेली दुचाकी कराच्या हिशेबात फुकट नसते.

खर्डेकरांनी घर गहाण ठेवताना खाशाबांकडून काही लिहून घेतले नसेल. तो विश्वासाचा व्यवहार होता आणि समोर प्राचार्य होते. आज समोर कंपनी आहे. तिच्यावर विश्वास जरूर ठेवावा, पण तो कागदावर असावा आणि तो कागद मुलाच्या बाजूने वाचणारे कुणीतरी त्याच्या शेजारी बसलेले असावे. ते माणूस देण्याची जबाबदारी या शहरातील शिक्षणसंस्थांची आहे.