आजीचे पूर्ण नाव

राजाजीनगरात आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते. घरातील नात शाळेत कन्नड व इंग्रजी शिकते, घरी मराठी बोलते आणि आजीला मात्र कन्नड रीतीने ‘अज्जी’ म्हणते. गेल्या महिन्यात तिला शाळेतून वंशवृक्ष काढून आणावयास सांगितले होते. पणजोबांपर्यंतच्या पुरुषांची नावे वडिलांनी भराभर सांगितली. आजीच्या चौकटीपाशी मुलगी थांबली व तिने विचारले, “अज्जी, तुझं पूर्ण नाव काय गं?” ऐंशी उलटलेल्या आजींनी शेंगा सोलणे थांबविले. “कुठलं सांगू? आईनं ठेवलेलं, की या घरात आल्यावर ठेवलेलं?” त्यांचे पहिले नाव घरात कोणालाही, त्यांच्या मुलालासुद्धा, ठाऊक नव्हते.

मी तेथेच बसले होते. मला मनातून ओशाळल्यासारखे झाले. इतरांची वाक्ये मराठीत आणण्याचे काम मी इतकी वर्षे करीत आले. परंतु स्वतःच्या आजीचे माहेरचे नाव मला सांगता येणार नाही. तिच्या संसारातला पितळी डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यावर नाव कोरलेले आहे, ते आजोबांचे. ज्यांना विचारावे अशी माणसे आता उरलेली नाहीत.

घराचा इतिहास लिहिताना स्त्री अशी निसटून जाते. ती निसटू नये म्हणून एका घराने काय केले, ते सांगण्यासारखे आहे. महर्षी कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे या माहेरच्या गोदूबाई जोशी. जन्म 1865 चा. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे त्यांचे बंधू नरहरपंत यांनी त्यांना मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी 1889 साली शारदा सदन काढले, तेव्हा तेथे शिकावयास आलेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. या विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरूड गावाने दोघांना वाळीत टाकले.

कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ 1915 साली प्रसिद्ध झाले. बायांचे ‘माझे पुराण’ निघाले 1944 साली. नावांतील फरक पाहावा. पुरुषाने सांगितले ते वृत्त. बाईने सांगितले ते पुराण! “काय पुराण लावलं आहे” असे म्हणून आपण घरातील वृद्धेला किती वेळा गप्प करतो! बायांनी तोच शब्द हसतमुखाने शिरावर घेतला, असे मला वाटते. हे पुराण त्यांच्या सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनी संपादित केले. 1950 साली बाया वारल्या. पुढे त्यांचे पुत्र दिनकर कर्वे यांनी आईचे हे कथन इंग्रजीत आणले आणि 1963 साली ‘द न्यू ब्राह्मन्स’ या ग्रंथात ते वडिलांच्या कथनाशेजारी छापले गेले. सासूने सांगावे, सुनेने नीट लावून घ्यावे, मुलाने परभाषेत न्यावे, असा हा एका घराचा उद्योग होय. तो तेथेच थांबला नाही. दिनकररावांच्या पत्नी, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या चरित्राच्या एक लेखिका त्यांची नात ऊर्मिला देशपांडे याच आहेत. ते ‘इरू’ या नावाने 2024 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

आपल्या आजीने संस्था काढली नसेल. पण तिची हकीकत लिहून ठेवण्यास त्याची आवश्यकता नाही. आरंभ प्रश्नावलीने करू नये. “तुझे जीवन कसे होते?” या प्रश्नाला “होतं आपलं” एवढेच उत्तर मिळते. एखादे भांडे, लुगडे किंवा जुने छायाचित्र पुढे ठेवावे आणि ते कोठून आले, एवढेच विचारावे. साल आठवत नसेल, तर सर्वांना ठाऊक असलेली घटना धरावी. पानशेतचे धरण फुटले ते 12 जुलै 1961 रोजी. कोयनेचा भूकंप झाला 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे. महाराष्ट्रातला मोठा दुष्काळ 1972 चा. आणि म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले 1 नोव्हेंबर 1973 रोजी. “त्याच्या आधी की नंतर?” एवढे विचारले, की गाठोडे सुटू लागते.

आपल्यासारख्या परभाषिक नगरात राहणाऱ्यांस आणखी एक सांगावेसे वाटते. नातवंडांसाठी कन्नडात वा इंग्रजीत लिहावे लागले, तरी आजीचे शब्द बदलू नयेत. ‘सोवळे’, ‘माहेरपण’, ‘वाळीत टाकणे’ हे शब्द तसेच ठेवून शेजारी अर्थ द्यावा. शब्द गेला, की त्याबरोबर तिची एक खोलीच बंद होते.

शेजारच्या मुलीने त्या चौकटीत दोन्ही नावे लिहिली. जागा अपुरी पडली, म्हणून दुसरे नाव रेषेबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजींनी तिला आपण होऊन हाक मारली, “अगं, ती वही आण बघू. माझ्या आईचं नाव सांगायचं राहिलं.”