पोलिश शब्द आणि आमचा उसना चष्मा

पोलिश भाषेचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित मंडळींना हसू आवरत नाही. "छापखान्यातले खिळे सांडावेत, तशी ही भाषा!" असा शेरा एका विद्वान स्नेह्यांनी परवा आम्हांस ऐकविला. शेरा चटकदार खरा. पण त्यात पोलिशचे ज्ञान नसून इंग्रजी चष्म्याचे प्रदर्शन तेवढे आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणणे भाग आहे.

लुब्लिनकडील श्चेब्झेशिन या गावाचे नाव रोमन लिपीत १३ चिन्हांनी लिहितात. ते पाहून आमच्या स्नेह्यांची बोबडी वळते. परंतु 'श', 'च', 'झ' यांसाठी तेथे चिन्हांच्या जोड्या योजिल्या आहेत. ध्वनी नऊच, आणि अक्षरे अवघी तीन : श्चे-ब्झे-शिन. आरंभीचा जो 'श्च' त्यांना चार चिन्हांचा डोंगर वाटतो, तो 'निश्चय' म्हणताना त्यांच्याच जिभेवर रोज खेळतो!

अक्षरे पाडण्याचा नियमही सरळ आहे. जितके स्वर तितकी अक्षरे. मात्र व्यंजन आणि स्वर यांमधला 'इ' वेगळा मोजावयाचा नाही, तो केवळ व्यंजनास मृदू करतो. आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर. पोलिश लोक स्वातंत्र्याला 'न्येपोद्लेग्वोश्च' म्हणतात. चिन्हे पुन्हा १३, अक्षरे चार : न्ये-पोद-लेग-वोश्च. आता घटना पाहा. 'न्ये' म्हणजे न. 'पोद' म्हणजे खाली. 'लेग' हा पडून राहण्याचा धातू. आणि अखेरचा 'ओश्च' हा आपल्या 'त्व', 'ता' यांसारखा भाववाचक प्रत्यय. कोणाच्याही खाली पडलेले नसणे, ते स्वातंत्र्य! १७९५ पासून १९१८ पर्यंत, १२३ वर्षे, ज्या राष्ट्राला स्वतंत्र अस्तित्व नव्हते, त्याच्या मुखी हा शब्द कोणास लांब वाटेल?

'ध्वन्यनुकरण' या अर्थाचा त्यांचा शब्द सात अक्षरांचा आहे : ज्व्यें-को-ना-श्ला-दोव-नित्स-त्फो. 'ज्व्येंक' म्हणजे ध्वनी. 'श्लाद' म्हणजे माग, पाऊलखूण. त्यापासून 'मागावर चालणे' म्हणजे अनुकरण. मधला 'ओ' दोन पदांना सांधतो. आमच्या संधीत सांधा लपतो, त्यांच्या शब्दात तो उघडा दिसतो. मग सामासिक शब्दांचा अभिमान मिरविणाऱ्यांनी या शब्दास हसावे कशाला?

पोलिश सोपी आहे, असे आमचे म्हणणे नाही. तिचे जोडव्यंजनांचे संयोग आणि विभक्ती भल्याभल्यांना घाम फोडतात. पण कठीण असणे निराळे आणि हास्यास्पद असणे निराळे.

आमच्या वृत्तपत्रांनी लेख वावेंसांना 'वालेसा' केले. वूच नगराला आम्ही 'लॉड्झ' म्हणतो. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले; ज्यांना आम्ही आसरा दिला, त्यांची नावे मात्र आम्ही आजही तिऱ्हाइताच्या तोंडाने उच्चारावी, हे आतिथ्याला शोभत नाही. ठाण्याचे 'थाना' आणि पुण्याचे 'पूना' ऐकून आम्हीच एकेकाळी संतापलो होतो ना? अक्षराअक्षराने लिहिणारी लिपी आमच्या हाती आहे. तिने पाहावे, उसना चष्मा आता उतरवून ठेवावा.